खाणीतला निरोप आणि वरचे घड्याळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा कामगार कायद्यांवर किंवा वेतन करारावर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना विषय कळवला तो असा : जमिनीखालून निरोप पाठवायचा तर दोन्हीकडची घड्याळे कशी जुळवायची. आढेवेढे न घेता त्यांनी तो मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार मानतो. हा विषय खरा इंजिनियरांचा. मी कोळसा खाणीतल्या कामगारांच्या संघटनेचे काम करणारा माणूस. शाळेतले माझे शिक्षण थोडके. परंतु सुरक्षा समितीच्या बैठकीत ‘दळणवळण यंत्रणा सुस्थितीत आहे’ हे वाक्य इतक्या वेळा सहीसाठी पुढे येऊ लागले, की त्या यंत्रणेच्या पोटात काय असते हे समजून घेतल्यावाचून सही करणे मला जमेना. मग पुस्तके मिळवली, माहीतगारांचे उंबरठे झिजवले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की गोंगाटातून निरोप पोचवायचा असेल तर आवाज मोठा असून भागत नाही, दोन्ही टोकांची वेळ एक असावी लागते. आणि ती वेळ संकट येण्याच्या आधी जुळवून ठेवावी लागते.

प्रथम निरोप म्हणजे काय ते पाहू. उतरणीच्या खाणीत कोळशाचे डबे लोखंडी दोराने ओढतात. त्या वाटेच्या बाजूने दोन उघड्या तारा जातात. कामगार त्या एकमेकींना टेकवतो आणि इंजिनघरात घंटा वाजते. उभ्या खाणीत माणसे पिंजऱ्यातून खाली-वर करतात, तिथेही ठोक्यांचीच भाषा असते. एक ठोका म्हणजे चालता पिंजरा थांबव. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे माणसे चढ-उतार करणार आहेत, सांभाळून. आता समजा, तीन ठोके देताना दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यात अंतर अंमळ जास्त पडले. इंजिन चालवणाऱ्याला काय ऐकू येईल? आधी दोन, मग एक. म्हणजे आधी ‘खाली सोड’, मग ‘थांब’. ठोके तेच तीन, पण अर्थ निराळा, आणि मध्ये माणसांचा जीव. हा फरक कोणी केला? ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेने. आमच्या विदर्भातल्या खाणींत अर्धे बोलणे हिंदीत चालते. ‘रोको मत जाने दो’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. विसावा ‘रोको’नंतर घेतला तर एक हुकूम, ‘मत’नंतर घेतला तर नेमका उलटा.

यंत्रांची आजची भाषा याहूनही साधी आहे. तिच्यात दोनच खुणा असतात. आपण त्यांना ‘होय’ आणि ‘नाही’ म्हणू. प्रत्येक खुणेला ठरावीक वेळ दिलेला असतो. त्याला मी तबल्याच्या भाषेत ‘मात्रा’ म्हणतो, कारण गोष्ट तीच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा गवई आणि तबलजी दोघेही मनात मोजत असतात. गवई कितीही फिरला तरी समेवर दोघे एकत्र येतात. तबलजी एका मात्रेने सरकला तर त्याचा प्रत्येक बोल शुद्ध असूनही मैफल बिघडते. निरोपाचेही असेच आहे. ऐकणारे यंत्र एका मात्रेने सरकले, तर प्रत्येक खूण बरोबर ऐकूनही मजकूर सगळा चुकतो. खूण ऐकू येणे ही एक गोष्ट आणि ती कितवी खूण आहे हे कळणे ही दुसरी.

ही अडचण तारायंत्राच्या काळापासूनची आहे. फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो याने १८७४ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याने प्रत्येक अक्षराला पाच खुणा दिल्या, आणि एकाच तारेवरून अनेकांचे निरोप पाळीपाळीने जातील अशी सोय केली. दोन्ही टोकांना एकेक फिरती चकती होती, आणि दोन्ही चकत्या एकाच वेगाने फिराव्या लागत. तार पाठवणाऱ्या माणसाला यंत्राची टकटक ऐकून, त्या टकटकीच्या बरोबर, बोटे दाबावी लागत. म्हणजे यंत्र माणसाच्या तालावर नव्हते, माणूस यंत्राच्या तालावर होता. हे वाचताना मला गिरणीच्या भोंग्याची आठवण झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत यावर तोड निघाली. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘सुरू’ची खूण आणि शेवटी एक ‘थांब’ची खूण पाठवायची. ऐकणारे यंत्र ‘सुरू’ ऐकले की त्या क्षणापासून मोजू लागते, पाच खुणा घेते आणि थांबते. दोन्हीकडच्या मोटारींचा वेग थोडा कमीजास्त असला तरी बिघडत नाही, कारण चूक साचण्याच्या आतच अक्षर संपते आणि पुढच्या अक्षराला मोजणी नव्याने सुरू होते. टेलिप्रिंटर याच तत्त्वावर चालत असे. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण वर्तमानपत्राच्या कचेरीतला टेलिप्रिंटरचा खडखडाट या सभेतल्या ज्येष्ठांच्या कानात असेल. स्वच्छ तारेवर ही युक्ती उत्तम चालते. गोंगाटात मात्र ती फसते. सारा भरवसा एका ‘सुरू’वर, आणि खरखरीतला एखादा ठोका ‘सुरू’सारखा वाटला की यंत्र भलत्याच क्षणी मोजू लागते.

आता जमिनीखाली जाऊ. आपल्या खिशातला मोबाईल वापरतो त्या लहरी हवेतून मैलोगणती जातात, पण खडकात शिरल्या की काही हातांतच विरतात. जमीन ओलसर असते, तिच्यातून थोडी वीज वाहते, आणि लहरीची शक्ती ती वीज वाहवण्यातच खर्च होते. लहरीची कंपने जितकी जलद तितकी ती लवकर मरते. मध्यम प्रतीचा खडक घेऊन हिशेब केला, तर सेकंदाला दहा लाख कंपने असलेली लहर दर पाच मीटरला साधारण एक तृतीयांश उरते. दोनशे मीटर खोल खाणीत तिचा मागमूसही राहणार नाही. उलट सेकंदाला एक हजार कंपनांची लहर सुमारे एकशे साठ मीटर गेल्यावर तितकी क्षीण होते. म्हणून खडकातून बोलायचे तर संथ लहरीनेच बोलले पाहिजे. तिच्याही वाटेत दुसरी अडचण आहे. एवढ्या संथ लहरी तारेच्या वेटोळ्यातून सोडाव्या लागतात, आणि त्या वेटोळ्याचा प्रभाव अंतर दुप्पट झाले की आठव्या हिश्श्यावर येतो. संथ लहर निरोपही संथच नेते. बोलणे दूरच, काही अक्षरे न्यायलासुद्धा वेळ लागतो.

याच संथ लहरींच्या पट्ट्यात गोंगाट फार. खाणीतले पंप, पंखे, कोळसा कापणारी यंत्रे विजेवर चालतात. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची; तिची गुणगुण पन्नासवर, शंभरवर, दीडशेवर अशी पुढे पुढे ऐकू येत राहते. त्यात आकाशातल्या विजांची भर. दूर कुठे वळवाचा पाऊस कडाडतो, आणि त्याची खरखर हजारो मैलांवरच्या वेटोळ्यात उमटते. आपण वसंत ऋतूत जमलो आहोत. पुढच्या महिन्यात ही खरखर आपल्या डोक्यावरच असेल.

मग कोणी म्हणेल, मोठ्याने ओरडा की! जमिनीवरच्या माणसाला ते शक्य आहे. वर मैलभर तारेचे वेटोळे अंथरता येते, त्यात हवी तेवढी वीज सोडता येते. ऑस्ट्रेलियात तयार झालेली एक यंत्रणा अशीच वरून खाली निरोप पाठवते आणि कामगाराच्या टोपीवरचा दिवा लुकलुकून त्याला सावध करते. पण खालच्या माणसाला ओरडता येत नाही. कोळशाच्या खाणीत मिथेन वायू असतो. हवेत तो शेकडा पाच ते पंधरा झाला की एका ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे खाली नेण्याच्या प्रत्येक उपकरणाची शक्ती इतकी मर्यादित ठेवावी लागते की ते बिघडले तरी पेट घेण्याजोगी ठिणगी पडू नये. म्हणजे ज्याला मदत हवी आहे त्याचा आवाज बारीक, आणि त्याचे ऐकायचे ते भर गोंगाटात.

इथे विज्ञानाने एक सुंदर तोड काढली आहे. बारीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि बेरीज करायची. समजा, एकच खूण शंभर वेळा पाठवली. ती दर वेळी सारखीच असते, म्हणून तिची बेरीज शंभर पट होते. खरखर मात्र कधी अधिक, कधी उणी. ती आपसात कटाकटी करते आणि तिची बेरीज दहा पटच होते. शंभराचे वर्गमूळ दहा. म्हणजे शंभर वेळा धीराने ऐकले, तर निरोप खरखरीच्या तुलनेत दहा पट ठळक होतो. संघटनेत आम्ही हेच करतो. एका माणसाची तक्रार गलक्यात बुडते. शंभर माणसांनी तीच तक्रार त्याच शब्दांत केली की ती ऐकू येते.

पण या बेरजेला एक अट आहे. एकावर एक ठेवायच्या शंभर खुणांच्या कडा जुळल्या पाहिजेत. हजार कंपनांच्या लहरीचा शिखरावर शिखर असा थर बसला तरच बेरीज वाढेल. शिखरावर दरी बसली तर बेरीज शून्य. इथे घड्याळ येते. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळात दहा लाखांत वीस भाग एवढी चूक सहज असू शकते. ऐकायला ती क्षुल्लक वाटते. दिवसाला पावणेदोन सेकंद. आपल्या मनगटावर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण हजार कंपनांच्या लहरीचे एक कंपन सेकंदाच्या हजाराव्या भागात होते, आणि अर्धे कंपन त्याच्याही निम्म्यात. एवढे सरकायला त्या घड्याळाला फक्त पंचवीस सेकंद पुरतात. पंचवीस सेकंदांनी शिखराच्या जागी दरी येते, आणि जे आधी मिळवले ते पुढच्या पंचवीस सेकंदांत वजा होऊ लागते. आपण दहा मिनिटे प्राण कानात आणून ऐकावे आणि हाती काही लागू नये, असा हा प्रकार.

यातला पेच पाहा. निरोप जितका क्षीण, तितका वेळ जास्त ऐकावे लागते. जितका वेळ जास्त, तितके घड्याळ अधिक बिनचूक लागते. घड्याळ दुरुस्त करायचे तर वरची वेळ खाली कळली पाहिजे, आणि ती कळवायची तर त्याच गोंगाटातून निरोप पाठवला पाहिजे! जमिनीवर आपण उपग्रहाकडून वेळ घेतो. तो खडकातून खाली येत नाही. खाणीत वीज चालू असेपर्यंत तिच्या पन्नास फेऱ्यांवर दोन्हीकडची यंत्रे ताल धरू शकतील. पण अपघाताच्या दिवशी सर्वांत आधी तोडली जाते ती वीजच. तपमान बदलले की स्फटिकाची चालही बदलते, आणि खालचे तपमान वरच्यासारखे नसते.

या पेचातून वाट काढणाऱ्या तीन युक्त्या आपल्यासारख्यांनाही समजण्याजोग्या आहेत.

पहिली, ओळखीची हाक. निरोपाच्या आधी दोघांनाही ठाऊक असलेला खुणांचा एक ठरावीक क्रम पाठवायचा. १९५३ साली आर. एच. बार्कर यांनी असे क्रम प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत लांब तेरा खुणांचा : पाच होय, दोन नाही, दोन होय, आणि मग नाही, होय, नाही, होय. घरी गेल्यावर कागदाच्या दोन पट्ट्यांवर हा क्रम लिहा. एक पट्टी दुसरीवर नीट बसवली की तेराच्या तेरा खुणा जुळतात. एका घराने सरकवा, दोन घरांनी सरकवा, कितीही सरकवा. जेवढ्या जुळतात त्यांतून न जुळणाऱ्या वजा केल्या, तर शिल्लक कधीही एकाच्या वर जात नाही. म्हणजे बरोबर जागेवर तेरा, इतर सर्वत्र फार तर एक. गोंगाटाने तेरांपैकी तीन खुणा उलट्या केल्या तरी खऱ्या जागेवर सात शिल्लक राहतात आणि बहुधा तीच जागा उठून दिसते. ऐकणारे यंत्र ही पट्टी सतत सरकवत बसते, आणि शिल्लक एकदम वर गेली की म्हणते, ‘सम इथे आहे.’ टेलिप्रिंटरचा भरवसा एका ठोक्यावर होता. इथे तो तेरा ठोक्यांच्या एकजुटीवर आहे.

दुसरी युक्ती, हळूहळू सुधारणारे घड्याळ. सम एकदा सापडली तरी घड्याळ पुन्हा सरकणारच. म्हणून यंत्र येणाऱ्या प्रत्येक खुणेची कड आपल्या मोजणीशी ताडून पाहते आणि फरक दिसला की स्वतःची चाल किंचित बदलते. फ्रान्सच्या बेलसीझ यांनी १९३२ साली या तऱ्हेच्या रचनेवर लिहिले. यातली मेख ‘किंचित’ या शब्दात आहे. प्रत्येक खुणेवर विश्वास टाकून घड्याळ झटकन फिरवले, तर खरखरही त्याला फिरवील. आणि फार ताठर राहिले, तर खरी चूक सुधारायला उशीर होईल. जुना मुकादम कोणी एकाने सांगितले म्हणून हजेरी बदलत नाही, आणि दहा जणांनी सांगितल्यावर हट्टही धरत नाही. यंत्राला तोच स्वभाव द्यावा लागतो.

तिसरी युक्ती, लांब शांतता टाळणे. निरोपात लागोपाठ वीस ‘नाही’ आले तर वीस मात्रांत एकही कड येत नाही, आणि कड नाही म्हणजे घड्याळाला धरायला आधार नाही. म्हणून प्रत्येक मात्रेच्या मध्यावर खूण मुद्दाम उलटवतात. ‘होय’साठी एका दिशेने, ‘नाही’साठी दुसऱ्या दिशेने. मँचेस्टर विद्यापीठातल्या सुरुवातीच्या संगणकावरून या रीतीला त्या गावाचे नाव मिळाले आहे. यात खुणांची वर्दळ वाढते आणि आधीच अरुंद असलेल्या वाटेवर ती महाग पडते. पण निरोपाबरोबर ताल आपोआप जातो.

बंधुभगिनींनो, ही सर्व यंत्रांची बुद्धी वाटते. परंतु खाणकामगारांनी हीच गोष्ट हातोड्याने केलेली आहे. अमेरिकेत खाण-सुरक्षा खात्याने अडकलेल्या कामगारासाठी एक छोटी सूचना तयार केली. बाहेर पडण्याची वाट बंद झाली तर आडोसा करून बसा. वरून सुरुंगाचे तीन आवाज ऐकू येईपर्यंत कान द्या. ते ऐकले की छतातल्या लोखंडी खिळ्यावर जोराने दहा ठोके मारा. मग पंधरा मिनिटे विश्रांती घ्या आणि पुन्हा दहा मारा. पाच सुरुंग ऐकू आले की समजा, तुमचा ठाव लागला आहे आणि मदत येत आहे. आता हे आपण पाहिलेल्या गोष्टींशी ताडून पाहा. तीन सुरुंग म्हणजे ओळखीची हाक. दहा ठोके म्हणजे ठरलेला क्रम, जो गोंगाटात उठून दिसेल. पंधरा मिनिटे म्हणजे दोघांचे एक घड्याळ. वर भूकंपमापकासारखी नाजूक यंत्रे लावून बसलेल्यांना कळते की पुढचे ठोके केव्हा यायचे, त्या वेळी वरची सर्व यंत्रे बंद करून ऐकता येते, आणि एका खेपेची नोंद दुसऱ्या खेपेवर ठेवून बेरीज करता येते. पाच सुरुंग म्हणजे पोच.

हा संकेत दोन्ही बाजूंनी पाळला गेला तरच त्याचा उपयोग. २००६ सालच्या २ जानेवारीला अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सेगो खाणीत स्फोट झाला. तेरा कामगार आत अडकले. त्यांनी पडदा बांधून आडोसा केला, आणि हातोडा घेऊन पाळीपाळीने छताच्या खिळ्यांवर ठोके मारले. वरून एकाही सुरुंगाचे उत्तर आले नाही. त्यांचे ठोके ऐकायला वर कोणी कान लावून बसलेलेच नव्हते. तेरांपैकी एक वाचला. त्या रात्री बचाव पथकाचा निरोप तोंडावरच्या मुखवट्यांतून आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना असा विपरीत झाला, की बारा जण जिवंत आहेत अशी बातमी बाहेर गेली. चर्चमध्ये जमलेल्या नातेवाइकांनी घंटा वाजवल्या. काही तासांनी त्यांना खरे कळले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात अमेरिकेत कायदा झाला आणि अपघातानंतरही चालू राहील अशी दुतर्फा बिनतारी दळणवळणाची सोय तीन वर्षांत करण्याचे बंधन मालकांवर आले. त्याच राज्यात १९६८ साली फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ माणसे गेली होती, त्यानंतर १९६९ चा कायदा आला आणि खडकातून निरोप पाठवण्याचे संशोधन जोराने सुरू झाले. म्हणजे विद्या तीन तपांहून अधिक काळ कागदावर तयार होत होती. खाणीच्या तोंडापर्यंत ती आली नाही.

चिलीत २०१० साली ३३ कामगार अडकले, तेव्हा भोक पाडणाऱ्या यंत्रांचा आवाज त्यांना खाली ऐकू येत होता, पण आपण जिवंत आहोत हे वर कळवता येत नव्हते. सतराव्या दिवशी सळई त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी तिच्यावर ठोके मारले आणि तिला चिठ्ठ्या बांधून पाठवल्या. उत्तराखंडात सिल्क्याऱ्याच्या बोगद्यात २०२३ साली ४१ मजूर सतरा दिवस अडकले होते. तिथे एक बारीक नळ शाबूत राहिला आणि त्यातून बोलणे झाले. पण नळ शाबूत राहील या भरवशावर माणसे खाली पाठवता येत नाहीत.

मला आपल्याला खोटी आशाही द्यायची नाही. १९७५ च्या २७ डिसेंबरला धनबादजवळ चासनाल्याच्या खाणीत पाणी शिरले आणि ३७५ माणसे गेली. तिथे पाण्याने वेळच दिला नाही. घड्याळे कितीही जुळलेली असती तरी ती माणसे त्यामुळे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पाणी शिरू न देणे, वायू साचू न देणे, छताला टेकू देणे ही पहिली कामे. निरोपाची यंत्रणा त्यानंतरची. परंतु जे वाचू शकतात ते निरोपावाचून मरू नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आता आपल्याकडचे बोलतो. एका खाणीत (तिचे नाव घेत नाही) सुरक्षा समितीबरोबर आम्ही खाली गेलो होतो. नाक्यावरच्या फोनजवळ तपासणीची वही होती. तीत रोजच्या तारखेला ‘चालू’ असा शेरा आणि सही होती. फोन उचलला, आत काही नव्हते. कोणी मुद्दाम खोटे लिहिले असेल असे मला वाटत नाही. रोजचा शेरा हा रोजच्या शेऱ्यासारखा पडला होता, फोन न उचलता. साध्या फोनची ही गत, तर ज्या यंत्राचा जीव घड्याळात आहे त्याची काय होईल? महिनाभर कपाटात पडलेले साधे स्फटिकाचे यंत्र जवळजवळ बावन्न सेकंदांनी सरकलेले असू शकते. मग संकटाच्या वेळी वरच्या यंत्राला सम शोधायला तेवढ्या साऱ्या काळात पट्टी सरकवत बसावे लागते. बॅटरी संपून बंद पडलेले यंत्र तर पुन्हा सुरू झाल्यावर आपण कोणत्या मात्रेवर आहोत हेच विसरलेले असते.

घड्याळ जुळवणे म्हणजे अखेर माणसामाणसांतला करार आहे. १९०६ च्या १ जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती, आणि नवे घड्याळ न मानणारे पुष्कळ निघाले; गिरणी कामगारही त्यांत होते. ज्याला विचारले नाही तो घड्याळ मानत नाही. म्हणून खाणीतली ही व्यवस्था कामगाराला समजावून, त्याच्या हातून झाली पाहिजे. त्यासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पाळीला कामगार दिव्याच्या खोलीतून आपला दिवा घेतो. निरोपाचे उपकरण त्याच खोलीत रोज वरच्या घड्याळाशी जुळवावे आणि मगच खाली जावे. महिन्यातून एकदा खाणीची वीज बंद ठेवून, सर्वांत दूरच्या जागेवरून निरोप पाठवून पाहावा, आणि तो वर पोचल्याची वेळ कामगारांच्या प्रतिनिधीसमोर वहीत लिहावी. ठोक्यांचा एक संकेत ठरवून तो मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी अशा त्या त्या कामगाराच्या भाषेत शिकवावा. कंत्राटी मजुराला वगळू नये, कारण छत कोसळताना हजेरीपुस्तक पाहत नाही. आणि वरच्या लोकांनी ऐकण्याचाही सराव करावा : ठरलेल्या मिनिटाला सगळी यंत्रे बंद, आणि कान जमिनीला.

यात खर्च आहे, आणि पाळीतला थोडा वेळही जाईल. तो वेळ उत्पादनातून वजा होतो असे आम्हाला सांगण्यात येते. मी आपल्याला मघाशी बेरजेचा हिशेब सांगितला. त्यात घड्याळ जुळलेले नसेल तर शंभर वेळा हाक मारूनही बेरीज शून्य होते. खाली बसलेला माणूस हातोडा उचलतो तेव्हा वर कोणीतरी त्याच मिनिटाला ऐकत आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक असेल तर तो दमला तरी पंधरा मिनिटांनी पुन्हा हातोडा उचलेल.

कोळशाची वीज या गावातल्या प्रत्येक घरात येते, म्हणून हा विषय खाणीपुरता न ठेवता आपल्यापुढे आणला.